हँडपंपाच्या लेखाची फी

दिघे साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. करारनामा समोर उघडा, शेवटचं पान, सहीची जागा पिवळी चिठ्ठी लावून दाखवलेली. तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट. टोपण परत लावा."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंदूरच्या स्नेहलतागंजातलं आमच्या परिषदेचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, खाली बॅटऱ्यांचं दुकान. टेबलाच्या त्या टोकाला सचदेव बसला होता. पब्लिशिंग कंपनीचा माणूस, सकाळच्या फ्लाइटने दिल्लीहून आलेला, वागायला अगदी नम्र. त्याची चहाची बशी हातातच राहिली.

मी वंदना गायकवाड. महूची. आजोबा पलटणीत होते, वडीलही फौजेत, त्यामुळे आमच्या घरात सगळे आवाज चढवूनच बोलतात आणि त्याला कोणी भांडण म्हणत नाही. नोकरी आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत केली, तीही जर्नल्सच्या सेक्शनला. रिटायर झाल्यावर परिषदेने मला आपल्या जर्नलची मॅनेजिंग एडिटर केलं. नाव मोठं, मानधन लहान. लेख आला की तज्ज्ञांकडे तपासायला पाठवायचा, मग त्यांच्या मागे लागायचं, लेखकाच्या मागे लागायचं, टाइपसेटरच्या मागे लागायचं. थोडक्यात, मागे लागणे हा माझा पेशा आहे.

जर्नल माळव्याच्या मातीवर आणि पाण्यावर. तिमाही. मोठं नाही, पण इमानदार. दर वर्षी कॉलेजांच्या लायब्रऱ्या सबस्क्रिप्शन भरायच्या, त्या पैशावर ते चालायचं. ज्यांनी पैसे भरले त्यांना वेबसाइटवर लेख उघडायचे, बाकीच्यांना कुलूप. पण लायब्रऱ्यांचं बजेट मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या पॅकेजमध्ये जायला लागलं, आणि कात्री चालवायची वेळ आली की आमच्यासारखी लहान जर्नल्स आधी कापली जायची. परिषदेची तिजोरी आटत चालली होती. हे मला माहीत होतं, दिघे साहेबांना माहीत होतं, आणि सचदेवला तर आमच्या दोघांपेक्षा चांगलं माहीत होतं.

त्याची ऑफर ऐकायला गोड होती. जर्नल कंपनी चालवेल. कुलूप काढून टाकेल. जगात कोणीही, कुठूनही, फुकट वाचेल. याला ओपन अॅक्सेस म्हणतात. परिषदेचं नाव कव्हरवर राहील, वर परिषदेला दर वर्षी काही रक्कमही मिळेल. दिघे साहेब आमचे अध्यक्ष, रिटायर्ड प्रिन्सिपल, मनाने फार सरळ माणूस. फुकट वाचता येईल हे ऐकूनच त्यांचे डोळे भरून आले होते.

"वाचकाला फुकट, लायब्ररीला फुकट," मी म्हटलं. "मग कंपनी खाणार काय?"

"एपीसी है ना मैम," सचदेव म्हणाला. "आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज."

एपीसी म्हणजे लेख छापून यावा म्हणून लेखकाने भरायची फी. आधी वाचणारा पैसे द्यायचा, आता लिहिणारा देणार. कुलूप निघत नाही, दुसऱ्या दाराला लागतं. मोठ्या संस्थेतल्या माणसाची फी त्याच्या प्रोजेक्टच्या पैशातून जाते, त्याला काही वाटत नाही. पण माझ्या डोळ्यासमोर एक लेख होता. अॅक्सेप्ट झालेला, रांगेत लागलेला. आणि करारात लिहिलं होतं की नवीन वर्षापासून जे छापलं जाईल त्या सगळ्याला फी. आधी अॅक्सेप्ट झालेल्यालाही.

तो लेख रेखा डामोरचा. झाबुआकडच्या एका कॉलेजात ती केमिस्ट्री शिकवते. अतिथी विद्वान आहे. मध्य प्रदेशात हंगामी प्राध्यापकाला हे भारदस्त नाव दिलेलं आहे. विद्वान म्हणून वर्गात उभं करतात आणि पगाराच्या वेळेला अतिथी आहे हे लक्षात ठेवतात. या पोरीने आपल्या तहसिलीतल्या गावागावात नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर बाटल्यांची पिशवी घेऊन, हँडपंपांचं पाणी गोळा केलं आणि त्यातलं फ्लोराइड मोजलं. फ्लोराइड दिसत नाही, चवीला कळत नाही. पण जास्त असलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात पिवळे-तपकिरी होतात, मग हाडं आखडतात. आणि एपीसी होती तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी.

दिघे साहेब मला समजावायला लागले. "वंदनाजी, मी वाचलंय ना. गरीब लेखकांना माफी आहे. वेव्हर. रेखाला मिळेल. झाबुआपेक्षा गरीब जिल्हा कुठला दाखवणार तुम्ही?"

मी सचदेवकडे वळले. "माफी किसको मिलती है?"

"लो-इनकम कंट्रीज़ को, मैम. लिस्ट है."

"उसमें भारत है?"

"इंडिया नहीं है, मैम."

"और झाबुआ?"

मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मग माझा चेहरा बघून त्याने गंभीरपणे सांगितलं, "मैम, सिस्टम में कंट्री का कॉलम है. डिस्ट्रिक्ट का नहीं है."

दिघे साहेबांनी ते दोनदा विचारून घेतलं. त्यांना खरंच वाटलं होतं की माणसाची गरिबी बघून माफी देतात. फॉर्म देश बघतो, माणूस बघत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"वार्षिक सभेपर्यंत थांबू," ते म्हणाले. सचदेव गेल्यावर मला थांबवून त्यांनी पुढचं सांगितलं. "पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, वंदनाजी. पैसा कुठून आणायचा ते पण सांगा. नाही तर सभेत मी सही करणार."

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. परिषद दिवाळखोरीत घालून तत्त्व सांभाळायला आम्ही काही संत नव्हतो.

बातमी रेखापर्यंत पोहोचलीच. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मैडम, मैं अपना पेपर वापस ले लूँ क्या? एक जगह से मेल आया है. थोड़े पैसे में छाप देते हैं, हफ्ते भर में."

"खबरदार," मी म्हटलं.

मला ती जातकुळी चांगली ठाऊक आहे. इंटरनेटवर जर्नल म्हणून पाटी लावतात, कोणी काही तपासत नाही, पैसे टाका आणि छापा. उद्या कोणी किराणा सामानाची यादी पाठवली तरी 'आपका शोधपत्र स्वीकृत' असं उत्तर येईल. एपीसीचा जो धंदा आहे त्याचं हे सगळ्यात खालचं टोक. दर लेखामागे पैसे मिळणार असले की लेख नाकारायला कोणाचा हात धजत नाही.

"वहाँ छपा तो मानेगा कौन?" मी विचारलं.

मानण्यावरच तर सगळं अडलं होतं. तिच्या यादीत एका शाळेच्या अंगणातला हँडपंप होता. त्याच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या फार वर. हेडमास्तरांनी तो बंद करून शाळेला नळ द्या म्हणून अर्ज केला, तर पाणीपुरवठा खात्याच्या एका इंजिनीयरने तिचे आकडे बघून सांगितलं, मॅडम, हे तुमच्या वहीत लिहिलेलं आहे, कुठे छापून आलं असेल तर घेऊन या. तो माणूस वाईट नव्हता. फाइलवर लावायला त्याला कागद हवा होता. दुसरं पाणी लांब, त्यामुळे मुलं तेच पीत होती. लेख चांगल्या ठिकाणी छापला तर हँडपंप बंद होणार, नाही तर चालू राहणार. एवढी सरळ गोष्ट होती. त्या दिवशी मी ठरवलं की लेख आपल्याच जर्नलमध्ये छापायचा, आणि रेखाकडून एक पैसा घ्यायचा नाही. कसं, ते माहीत नव्हतं.

इथे आमच्या रविवारच्या वाचनाबद्दल सांगायला हवं. छापायच्या आधी पानांची जी शेवटची प्रत येते तिला प्रूफ म्हणतात. आजकाल ते स्क्रीनवर तपासतात. आमच्याकडे जुनी पद्धत आहे. अंक तयार झाला की एका रविवारी सकाळी आमचे रिव्ह्यूअर, म्हणजे लेख तपासणारे तज्ज्ञ, ऑफिसात जमतात. जोड्या करतात. एक जण लेखकाचा मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफवर बोट ठेवून बसतो. प्रत्येक आकडा, प्रत्येक दशांशचिन्ह तोंडाने म्हणायचं. बहुतेक जण रिटायर्ड, काहींना कमी ऐकू येतं, त्यामुळे खोलीत बाजार भरल्यासारखा गलका. मधोमध पोह्यांचं पातेलं, शेव आणि वर भुरभुरायला जिरावन मसाला. यांना कोणी एक पैसा देत नाही. लेख तपासायचा नाही, वाचनाचा नाही, यायच्या रिक्षाचाही नाही. पोहेच काय ते.

रेखाचा लेख नवीन वर्षाच्या पहिल्या अंकात जायचा की नाही हे ठरलं नव्हतं, पण मी मुद्दाम त्याचं प्रूफ काढून ठेवलं. आणि मूळ कागद दिला पुरोहित सरांच्या हातात. पुरोहित सर म्हणजे अस्सल इंदोरी. मातीचे जाणकार, आवाज लाउडस्पीकरसारखा, मुख्यमंत्र्याला पण भिया, म्हणजे भैया, म्हणतील. त्यांनी आकड्यांचं टेबल वाचायला घेतलं. गावाचं नाव, हँडपंप कुठे आहे ती जागा, फ्लोराइड किती. एकामागून एक. पाटीदारांच्या वाडीजवळ, एवढं. मंदिरामागे, एवढं. मग म्हणाले, "प्राथमिक शाला, आँगन में," आणि आकडा वाचला.

आणि थांबले. परत वाचला. या वेळी हळू.

गलका थांबला. या खोलीत कोणी हळू वाचत नसतं. सगळ्यांना त्या आकड्याचा अर्थ कळत होता, कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"ये छपेगा कब?" पुरोहित सरांनी मला विचारलं.

"छपेल ना सर. रेखाने फी भरली तर."

"काहे की फी?"

मी सांगितलं. करार, एपीसी, देशांची यादी, सगळं. तोपर्यंत परिषदेच्या कमिटीबाहेर, रेखा सोडली तर, कोणाला धड माहीत नव्हतं. पुरोहित सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे भिया, मतलब मेहनत अपन करें, और बिल वो फाड़ें? इस बच्ची के नाम पे?"

"फी में पीयर रिव्ह्यू का खर्चा जुड़ा है, ऐसा लिखा है," मी म्हटलं.

"पीयर रिव्ह्यू तो मैं हूँ!" ते ओरडले. "मेरा काहे का खर्चा? मैं तो पोहे पे आता हूँ!"

एवढ्या तणावातही लोक हसले. पण मग ते जे म्हणाले ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लेखकाकडून पैसे घेणार असाल तर मी उद्यापासून तपासणार नाही, त्यांनी सांगितलं. कंपनीने आपले रिव्ह्यूअर आपण शोधावेत. दुसरे म्हणाले, मी पण नाही. तिसऱ्यांना कमी ऐकू यायचं, त्यांना शेजारच्याने कानात ओरडून सांगितलं, आणि त्यांनी पण मान हलवली.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण मी लायब्ररीवाली आहे, टाळ्यांवर जर्नल चालत नाही हे मला कळतं. टाइपसेटिंगला पैसे लागतात. वेबसाइटला लागतात. लेखातली चोरी पकडायच्या सॉफ्टवेअरला लागतात. प्रत्येक लेखाला कायमचा नंबर मिळतो, त्यालाही लागतात. तज्ज्ञ फुकट होते, बाकी काही फुकट नव्हतं.

सोमवारी मी दिघे साहेबांपुढे बसले. पुरोहित सरांचा निरोप त्यांना आधीच मिळाला होता, आणि ते हादरले होते. रिव्ह्यूअर गेले तर कंपनीला द्यायला आमच्याकडे कव्हरशिवाय काय उरणार होतं? "ठीक आहे," ते म्हणाले, "आता पैसा."

"पैसा तिथूनच येणार, साहेब, जिथून आत्ता येतोय. लायब्रऱ्यांकडून. ज्या भरतात त्यांनी भरत राहायचं. पुरेशा लायब्रऱ्यांनी भरलं की आपण त्या वर्षाचे सगळे अंक सगळ्यांना उघडे करायचे. लेखकाला फी नाही, वाचकाला फी नाही."

"आणि लायब्ररी म्हणेल, फुकट मिळणार तर आम्ही का भरू?"

"साहेब, तुम्ही खजरान्याच्या गणपतीला भंडाऱ्यासाठी शिधा देता ना? मी काही मंदिरवाली नाही, पण पंगत मला कळते. बसणाऱ्याला पावती विचारतात का? पण दहा घरांतून आधी सामान आलं नाही तर चूल पण पेटत नाही."

ते हसले. पटलं त्यांना. इतकं पटलं की तिथेच घोळ झाला. पत्र त्यांनी स्वतः लिहायला घेतलं, आणि त्यात 'सहयोग राशी', म्हणजे मदतीची रक्कम, मागितली.

"साहेब, सबस्क्रिप्शनच म्हणा," मी म्हटलं.

"वंदनाजी, जे सगळ्यांना फुकट वाटणार ते विकतोय असं कसं म्हणायचं? लोकांना फसवल्यासारखं होईल. सहयोगच बरोबर."

पत्रं गेली. कौतुकाची उत्तरं आली, अगदी ढिगाने. फार स्तुत्य, फार प्रेरणादायी. पैसा मात्र कोणी पाठवला नाही. आमच्या तोंडाला पानं पुसली सगळ्यांनी. शेवटी देवासहून माझी जुनी मैत्रीण, तिथल्या एका कॉलेजची लायब्रेरियन, तिने फोन करून मला चांगलीच झापली. "वंदना, तू स्वतः लायब्ररीत होतीस ना? आमच्या बजेटमध्ये दानधर्माचा हेड आहे का? अकाउंट्सने पत्र तसंच परत केलं. म्हणे कॉलेज चंदा देऊ शकत नाही. सबस्क्रिप्शनचा हेड आहे, पैसे पण पडलेत, पण तुम्ही मागितलंच नाही!"

हे आमच्यासारख्या सज्जनांनाच जमतं. विकायचं असतं तेव्हा आम्हाला लाज वाटते, म्हणून दान मागतो, आणि देणाऱ्याकडे दानाचा रकानाच नसतो.

मी दिघे साहेबांना म्हटलं, "आता पत्र मी लिहिते. तुम्ही फक्त सही करा." नवीन पत्रात गोड शब्द एकही नव्हता. हे नेहमीचं सबस्क्रिप्शन आहे. भरलंत तर येत्या वर्षीचे अंक तुम्हाला मिळणारच, कुठल्याही परिस्थितीत. पुरेसं सबस्क्रिप्शन जमलं तर तेच अंक सगळ्यांना उघडे होतील. नाही जमलं तर कुलूप राहील, आणि फक्त भरणाऱ्यांनाच दिसेल. खाली बिल, नेहमीसारखं.

"कुलपाची धमकी देताय?" साहेबांना आवडलं नव्हतं.

"धमकी नाही, अट आहे. त्यामुळे लायब्ररीला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळते. ऑडिटर आला तर ती दाखवू शकते. दान कोणाला दाखवणार?"

मग मी मागे लागले. पेशाच तो. फोन केले, फोन उचलले नाहीत तर बस पकडून गेले. धार, उज्जैन, देवास, खंडवा. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर, कोणी जागेवर नाही. एका ठिकाणी अकाउंट्सवाले बाबू म्हणाले, मैडम, उद्या या. मी म्हटलं, भिया, मी महूहून आलेय, उद्यापर्यंत इथेच बाकावर बसते. त्यांनी चहा मागवला आणि फाइल काढली. उज्जैनच्या एका प्रिन्सिपल बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही थांबून बघतो. बाकीचे भरतीलच ना."

माझं डोकं सटकलं. "मॅडम, बाकीचे पण हेच म्हणतात. सगळे मिळून एकमेकांकडे बघत बसलात तर तुमच्याच कॉलेजातल्या पोरांना उद्या लेख छापायला फी भरावी लागेल. तेव्हा मला फोन करू नका." नंतर वाटलं जरा जास्तच झालं. पण बाईंनी संध्याकाळच्या आत बिल पास केलं. एकेकाचा स्वभाव असतो, रागावल्याशिवाय हलत नाहीत.

तरी सभेच्या आठवड्यापर्यंत आम्ही कमीच पडत होतो. फार नाही, पण कमी. आणि नेमकं सगळ्यात मोठं सबस्क्रिप्शन अडलेलं होतं ते इंदूरच्याच एका कॉलेजचं, जिथे दिघे साहेब स्वतः पूर्वी प्रिन्सिपल होते. आता तिथे त्यांचाच विद्यार्थी खुर्चीवर. माझे फोन तो घेत नव्हता.

"मी जातो," दिघे साहेब म्हणाले. मला भीती वाटली. सहयोग राशीवाला माणूस हा, त्याला कोणी नाही म्हटलं तर 'काही हरकत नाही' म्हणून परत येईल.

दुपारी आले ते लालबुंद होऊन. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि मग सांगितलं. तो विद्यार्थी प्रेमाने पाया पडला, मिठाई मागवली, आणि म्हणाला, सर, जब सबको फ्री मिलने ही वाला है तो हम क्यों खर्चा करें?

"मग?"

"मग मी म्हटलं, बेटा, तू हॉस्टेलचे पैसे नव्हते म्हणून दोन वर्षं माझ्या घरी जेवलास. तुला फ्री होतं. तुझ्या काकूने कधी तुला सांगितलं का, की धान्य कोण भरत होतं?" साहेबांनी ग्लास बाजूला सारला. "मला असं बोलायला नको होतं, वंदनाजी. केलेलं बोलून दाखवू नये. आयुष्यात पहिल्यांदा बोललो."

"त्याने काय केलं?"

साहेबांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बिलाची प्रत, मंजूर, सहीशिक्का. त्यांना ते किती जड गेलं होतं ते दिसत होतं. मी फक्त त्यांच्यासाठी परत चहा सांगितला.

वार्षिक सभेला सचदेव आला होता, पिवळ्या चिठ्ठीसकट. दिघे साहेबांनी उभं राहून सांगितलं की पुरेशी सबस्क्रिप्शन्स आली आहेत, येतं वर्ष उघडं राहील, आणि परिषद जर्नल आपल्याच हातात ठेवू इच्छिते. हात वर करायला सांगितलं. मागच्या रांगेतून पुरोहित सरांनी दोन्ही हात वर केले, तर त्यांना एक खाली घ्यायला लावलं. ठराव पास झाला. करारनामा साहेबांनी घडी घालून, सही न करता, आभार मानून सचदेवच्या हातात दिला.

सचदेव जाताना माझ्याजवळ आला. खरं सांगायचं तर मला तो मुलगा वाईट वाटला नाही, नोकरी करत होता. "मैम," तो म्हणाला, "ये आपको हर साल करना पड़ेगा. हर साल यही फोन, यही बस."

"मालूम है," मी म्हटलं. "आप पोहे खाके जाइए."

रेखाचा लेख नवीन वर्षाच्या पहिल्याच अंकात आला. कुलपाशिवाय. तिने फोन केला आणि नुसती रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नको, लिंक त्या इंजिनीयरला पाठव. तिने पाठवली. त्याने खरंच कागद काढून फाइलला लावला. काही आठवड्यांनी त्या हँडपंपाला लाल रंग मारला, म्हणजे हे पाणी पिऊ नका. शाळेसाठी नळाची लाइन मंजूर झाली आणि ती येईपर्यंत टँकर लागला. सरकारी कामाच्या मानाने हे विमानाच्या वेगाने झालं म्हणायचं.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. जर्नल चालवायला पैसा लागतो, आणि तो कोणीतरी भरतोच. वाचणाऱ्याने भरायचा, लिहिणाऱ्याने भरायचा, की ज्याच्याकडे रकाना आणि बजेट दोन्ही आहे त्याने भरायचा, एवढंच आपण ठरवायचं असतं. आणि ठरवल्यावर त्याच्या मागे लागायचं असतं. दुसरं कोणी लागत नाही.

मध्यंतरी एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे त्या शाळेचे हेडमास्तर. रेखाने नंबर दिला होता. आवाजात संकोच. त्यांनी मोबाइलवर लेख उघडून वाचला होता आणि त्यातलं टेबल मोठ्या अक्षरात छापून पंचायतीच्या भिंतीवर लावायचं होतं, म्हणजे बाकीच्या गावांनाही कळेल कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही.

"मैडम, ये छापने की आपकी फीस कितनी होगी? थोड़ा कम करके बता देते तो..."

"फीस कुछ नहीं है, मास्टरजी. लगाइए."

"ऐसा कैसे, मैडम? कुछ तो लगता होगा."

"लगता है ना," मी म्हटलं. "आपकी भर दी गई है."

त्यांनी कोणी भरली ते विचारलं. मी देवासच्या कॉलेजापासून एकेक नाव सांगायला सुरुवात केली.